डुक्कर आणि माणूस यांच्यात फिरणाऱ्या जीवाणूचा प्रवास कोणत्या दिशेने झाला, हे जीनोमवरून कसे ठरते?

शलाका (प्रश्न)

पशुवैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या सीसी३९८ या वंशाची ओळख 'डुकरांकडून माणसांकडे येणारा एमआरएसए', म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, अशी करून दिली जाते. मात्र २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जीनोमच्या (म्हणजे जीवाणूच्या संपूर्ण डीएनएच्या) अभ्यासाचा निष्कर्ष असा आहे, की हा वंश मुळात माणसांमधला होता आणि तो आपल्याकडून डुकरांकडे गेला. शेडमधले डुक्कर आणि त्याची देखभाल करणारा माणूस या दोघांच्याही नाकात जवळजवळ एकसारखा जीनोम असलेला जीवाणू सापडत असेल, तर तो कोणी कोणाला दिला हे जनुकक्रमावरून कसे सांगता येते? साम्य दिसणे आणि दिशा कळणे यांच्या मधली पायरी मला उमगत नाही. कृपया कोणी सविस्तर समजावून सांगावे.

वंशवृक्ष

दोनच नमुने हाती असतील तर दिशा ठरत नाही, ही तुमची शंका रास्त आहे. दोघांनाही तो जीवाणू तिसऱ्याच ठिकाणाहून मिळालेला असू शकतो. दिशा कळते ती अनेक ठिकाणचे, अनेक यजमानांमधले (म्हणजे ज्यांच्या शरीरात जीवाणू राहतो त्यांच्यातले) नमुने एकत्र मांडल्यावर. तुम्ही उल्लेख केलेल्या अभ्यासात १९ देशांमधल्या माणसांकडून आणि प्राण्यांकडून मिळालेल्या ८९ नमुन्यांचे संपूर्ण जीनोम वाचले गेले. या जीवाणूचा जीनोम सुमारे २८ लाख बेस-जोड्यांचा (बेस म्हणजे डीएनएचे एकेक अक्षर) असतो आणि पिढ्यांमागून पिढ्या होताना त्यात एकेका बेसचे बदल साचत जातात. कोणते बदल कोणात समान आहेत हे पाहून वंशवृक्ष बांधला जातो. त्या वृक्षात बुंध्यालगतच्या फांद्यांवर माणसांकडचे, मेथिसिलिनला दाद देणारे नमुने आले, आणि पशुधनातले नमुने नंतर फुटलेल्या फांद्यांवर आले. दिशेचा पहिला पुरावा हा.

दुसरा पुरावा मला अधिक पटणारा वाटतो, कारण तो निराळ्या प्रकारच्या बदलांमधून येतो. माणसांमधल्या नमुन्यांच्या जीनोममध्ये एक फेज, म्हणजे जीवाणूंवर जगणारा विषाणू, आपली जनुके घुसवून बसलेला आढळतो. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने माणसाच्या जन्मजात प्रतिकारशक्तीला चकवतात आणि त्यांचा नेम प्रामुख्याने मानवी रेणूंवरच असतो, त्यामुळे डुकराच्या शरीरात त्यांचा फारसा उपयोग नाही. पशुधनातल्या फांद्यांवर हा फेज बहुतांशी नाहीसा झालेला दिसतो. त्याच फांद्यांवर टेट-एम हे टेट्रासायक्लिनला निष्प्रभ करणारे जनुक जवळजवळ सर्वत्र आढळते, आणि मेथिसिलिन-प्रतिरोध देणारे मेक-ए हे जनुकही तिथे वारंवार शिरलेले दिसते. वराहपालनात टेट्रासायक्लिन गटाची प्रतिजैविके मोठ्या प्रमाणावर दिली जात आली आहेत. माणसात लागणारे सामान टाकलेले आणि शेडमध्ये लागणारे उचललेले, असा हा जीनोम आहे. उलट्या दिशेच्या प्रवासातून हे चित्र तयार होणे अवघड आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. वृक्ष हा गोळा केलेल्या नमुन्यांचाच असतो, आणि एखाद्या यजमानाचे नमुने फारच थोडे घेतले तर मूळ कुठे आहे याचा अंदाज चुकू शकतो.

शलाका

मनःपूर्वक आभार. फेज गमावल्यामुळे हा जीवाणू माणसांसाठी कमी धोक्याचा झाला, असे म्हणता येईल का?

वंशवृक्ष

काही अंशी म्हणता येईल. रुग्णालयांमध्ये पसरणाऱ्या एमआरएसएच्या तुलनेत तो माणसाकडून माणसाकडे कमी जातो, आणि डुकरांशी संपर्क तुटला की अनेकांच्या नाकातून निघूनही जातो. परंतु फेज जसा जातो तसा परतही येऊ शकतो, आणि माणसांमध्ये सापडलेल्या पशुधन-वंशाच्या काही नमुन्यांमध्ये तो परतलेला आढळलाही आहे. जनुकक्रम सातत्याने तपासत राहण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण हेच आहे.

उत्तरवारा

हा वंश लक्षात कसा आला, तेही सांगण्यासारखे आहे. २००४ साली नेदरलँड्समध्ये वराहपालक कुटुंबातल्या एका तान्ह्या मुलीच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत एमआरएसए आढळला आणि शोध सुरू झाला. त्या भागातल्या वराहपालकांमध्ये एमआरएसए आढळण्याचे प्रमाण देशाच्या सर्वसाधारण लोकसंख्येच्या ७६० पटींहून अधिक निघाले. त्या काळी जीवाणूंचे डीएनए स्मा-१ या विकराने कापून त्यांच्या पट्ट्यांची तुलना केली जात असे. पण या जीवाणूचा डीएनए त्या विकराने कापलाच जात नसल्यामुळे त्याचा प्रकार ठरवता येत नव्हता. कोणाचा कोणाशी किती जवळचा संबंध आहे, हे बारकाईने सांगता येऊ लागले ते संपूर्ण जीनोम वाचण्याची सोय झाल्यानंतरच.

त्याचा प्रत्यक्ष उपयोग नॉर्वेमध्ये झाला. डेन्मार्कमध्ये २०१६च्या सर्वेक्षणात पारंपरिक पद्धतीच्या ८८ टक्के कळपांमध्ये हा जीवाणू सापडला. नॉर्वेने मात्र २०१३पासून बाधित वराहपालन केंद्रे शोधून, तिथली डुकरे काढून टाकून आणि शेड निर्जंतुक करून त्याला थोपवण्याचा मार्ग धरला. नॉर्वेत जिवंत डुकरांची आयात जवळजवळ नसते. त्यामुळे माणसांचे आणि डुकरांचे जीनोम शेजारी ठेवल्यावर असे दिसले, की केंद्रांवर काम करणारी माणसेच बहुधा तो कळपांमध्ये आणत होती आणि तिथून तो डुकरांच्या खरेदी-विक्रीबरोबर पुढे जात होता. यामुळे कामगारांचीही तपासणी करण्याला आधार मिळाला. मात्र ही तपासणी त्यांच्या रोजगारावर गदा न आणता व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. नोकरी जाण्याच्या भीतीने लोक तपासणी टाळू लागले तर साखळी शोधणेच बंद पडेल.

पाणथळ

स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जीवाणूची कहाणी वेगळ्या वळणाची आहे, म्हणून ती इथे जोडतो. यात माणसाला संसर्ग होतो तो बहुतांशी डुकरांपासून किंवा कच्च्या मांसापासून आणि रक्तापासून, तर माणसाकडून माणसाकडे तो पसरत असल्याचे दिसत नाही. व्हिएतनाममध्ये प्रौढांना होणाऱ्या जीवाणूजन्य मेंदुज्वराच्या प्रमुख कारणांपैकी तो एक आहे, आणि बरे झालेल्या अनेक रुग्णांना कायमचे बहिरेपण येते. ताज्या रक्तापासून बनवला जाणारा 'तिएत कान्ह' हा तिथला पदार्थ संसर्गाचा एक मार्ग मानला जातो. चीनच्या सिचुआन प्रांतात २००५ साली आजारी किंवा मेलेली डुकरे कापणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये २००हून अधिक जणांना बाधा झाली आणि त्यांपैकी सुमारे १८ टक्के दगावले.

२०१५ साली ब्रिटनमधल्या डुकरांचे आणि व्हिएतनाममधल्या डुकरांचे व माणसांचे मिळून ३७५ नमुन्यांचे जीनोम तपासले गेले. माणसांना होणारे बहुतेक संसर्ग एकाच गटातल्या जीवाणूंचे होते, आणि तो गट १९२०च्या दशकाच्या सुमारास, म्हणजे वराहपालन अधिक सघन होऊ लागले त्या काळात, फोफावला असा अंदाज निघाला. माणसांना आजारी पाडणारे आणि डुकरांना आजारी पाडणारे यांच्यात मात्र ठळक जनुकीय फरक मिळाला नाही. फरक होता तो आजार घडवणारे आणि निरोगी डुकरांमध्ये निमूट राहणारे यांच्यात, आणि आजार घडवणाऱ्यांचे जीनोम तुलनेने लहान होते. ही गोष्ट कळू शकली ती निरोगी डुकरांच्या टॉन्सिलमधले नमुनेही घेतल्यामुळे. शलाका, तुम्हाला पुढे नमुने गोळा करण्याचे काम मिळाले, तर आजारी जनावरांइतकीच निरोगी जनावरेही यादीत ठेवा, आणि प्रत्येक नमुन्यासोबत तो कधी, कुठून आणि कोणत्या अवयवातून घेतला याची नोंद जरूर करा.