शॉकमधला पेशंट आणि प्रोब: 'फॅशन' म्हणणाऱ्यांना उत्तर

आयसीयू_फोंडा
काल इथे एका सिनियर सरांनी लिहिलं, बेडसाइड सोनोग्राफी ही नव्या पोरांची फॅशन, शॉक (बीपी कोसळून अवयवांना रक्त न पुरणं) ओळखायला नाडी, लघवी आणि गार पडलेले हात पुरतात. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. गेल्या पावसात एक पेशंट आला, बीपी 70, चार दिवस ताप, सगळे म्हणाले लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा पावसाळी ताप), सेप्सिस (अंगभर भिनलेलं इन्फेक्शन), सलाइन सोडा. दोन बाटल्या गेल्या, बीपी चढवणारं नोरॅड चालू केलं, बीपी हलेना, मानेच्या शिरा टम्म. छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर हृदयाभोवती पाण्याचा काळा पट्टा आणि उजवा कप्पा ठोक्याठोक्याला आत चेपतोय. सुई घालून साठेक मिली पाणी काढलं आणि बीपी 100. गार हातावरून हे कसं कळणार होतं?

जुना_फिजिशियन
ते मीच लिहिलं होतं. आणि मानेच्या शिरा टम्म होत्या हे तुम्हीच सांगताय, त्या प्रोबने नाही, डोळ्यांनी दिसल्या! 2018 च्या शॉक-ईडी चाचणीत 273 पेशंट होते, सोनोग्राफी केली-न केली, 30 दिवसांत जगण्यात फरक नाही. माझ्या पाहण्यातला एक पेशंट, व्हेंटिलेटरवर, ज्युनियरने फुगलेली आयव्हीसी (हृदयाकडे जाणारी पोटातली मोठी शीर) बघून सलाइन बंद केलं. व्हेंटिलेटरच्या दाबाने ती फुगतेच. माणूस कोरडा होता. गेला.

आयसीयू_फोंडा
त्या चाचणीत निम्म्याहून जास्त सेप्सिसचेच होते, टॅम्पोनाड (हृदयाभोवती पाणी साठून ते दाबलं जाणं) सापडणार किती?

म्हापशाची_डॉक्टर
तुम्ही दोघं भांडा. आमच्याकडे मशीन खालच्या खोलीत कुलपात असतं. पीसीपीएनडीटी, गर्भलिंग तपासणीबंदीचा कायदा! रात्री दोनला पेशंट कोसळला की किल्ली कुणाकडे ते शोधायचं.

जुना_फिजिशियन
कायद्याला बोल लावू नका, मुली मारल्या जात होत्या म्हणून 1994 साली आला तो.

म्हापशाची_डॉक्टर
मी बाई आहे सर, मला तो कशासाठी आला ते शिकवू नका. पण साठीच्या पुरुषाचं हृदय बघायला कसली भीती?

आयसीयू_फोंडा
मॅडम, नोंदणी असलेल्या त्याच हॉस्पिटलात ॲडमिट पेशंटसाठी पोर्टेबल मशीन वापरता येतं. कुलूप कायद्याने नाही लावलेलं, भित्र्या मॅनेजमेंटने लावलंय.

म्हापशाची_डॉक्टर
हे आमच्या मॅनेजमेंटला लेखी कोण देणार? कागदात चूक निघाली की मशीन सील होतं, नाव डॉक्टरचं खराब होतं, मग उपदेश करायला कुणी येत नाही.

वाळपईकर
मी डॉक्टर नाही. आईला रात्री बीपी पडलं म्हणून नेलं, तिथे म्हणाले सोनोग्राफी सकाळी नऊला. पहाटे 108 ने बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हलवलं, दारातच हृदयाकडे बघितलं, म्हणाले पंपच थकलाय, पाणी जास्त गेलंय. वाचली ती. तुमची चाचणी काय म्हणते मला ठाऊक नाही, मी रात्रभर बाकड्यावर बसून बाटल्या मोजत होतो.

जुना_फिजिशियन
आईला जपा. ठीक, पंप थकलाय की हृदयाभोवती पाणी साठलंय एवढं बघायला प्रोब हवा, मान्य. आयव्हीसी मोजून सलाइन ठरवणं मला मरेपर्यंत पटणार नाही.

आयसीयू_फोंडा
व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला मीही ती मोजत नाही सर. 'फॅशन' शब्द मात्र मागे घ्या.

म्हापशाची_डॉक्टर
आणि किल्लीचं?