सिकलसेल आणि मेंदूचा डॉपलर, मदत हवी आहे
नागपूरकर मंडळी, भाच्याला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, वय 9, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) केला तर वेग सेकंदाला 182 सेंमी आला म्हणजे 170 च्या वर पण 200 च्या खाली, मधल्या पट्ट्यात (200 पासून स्ट्रोकचा धोका जास्त धरतात), डॉक्टर म्हणाले हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचं औषध) चालू ठेवा न डॉपलर पुन्हा करू. ते ठीक, पण पोट्टा चांगला हुशार होता हो, आता पाढे विसरतो, वर्गात लक्ष नाही, बाई म्हणतात आळशी झालाय (आळशी!). लकवा वगैरे काही नाही, पण सिकलसेलमध्ये बाहेरून न कळणारे छोटे स्ट्रोक होतात न ते एमआरआयमध्येच दिसतात म्हणे. तर एमआरआयचं डॉक्टरांना विचारावं का? आणि मुलांच्या स्मरणशक्तीची, लक्षाची रीतसर टेस्ट करणारं धंतोली-रामदासपेठेत कोणी माहीत आहे का? ताई फार टेन्शनमध्ये आहे.