नववीत २.४, अकरावीत ३.७ : अर्जात काय लिहावं?

लेकीची_आई :
आम्ही कॅलिफोर्नियात, मुलगी बारावीत. नववीत जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) २.४, दहावीत २.९, अकरावीत ३.७. सरासरी ३.०, आणि तो आकडा पाहिला की तिचं तोंड उतरतं. नववीत अल्जिब्रा १ मध्ये डी होता. अभ्यास ती करायची, पण जमाच करायची नाही. एकदा दप्तर धुवायला काढलं, तर तळाशी चुरगळलेली, पूर्ण सोडवलेली अकरा वर्कशीट्स निघाली. मी तेव्हा फार बोलले तिला, ते अजून सलतं. दहावी संपता संपता एडीएचडीचं (लक्ष टिकवणं अवघड करणारी स्थिती) निदान झालं, औषध सुरू झालं, शाळेनं ५०४ प्लॅन (अशा मुलांसाठी शाळेतल्या सवलतींचा आराखडा) करून दिला. तिथून गाडी रुळावर आली. आता ती म्हणते, "आई, हे लिहिलं तर सबब सांगितल्यासारखं वाटेल." लिहावं का? आणि यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, राज्याचं अनेक कॅम्पस असलेलं सरकारी विद्यापीठ) अर्ज करावा का?

दोघांची_आई :
ताई, यूसीपुरता तरी तो ३.० डोक्यातून काढा. यूसी आणि कॅल स्टेट (राज्याची दुसरी सरकारी विद्यापीठं) नववीचे ग्रेड जीपीएत धरतच नाहीत. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ए-जी (प्रवेशासाठी सक्तीच्या गटांतले) विषयच मोजतात. म्हणजे साधारण ३.३, आणि एपी किंवा मान्य ऑनर्स (वरच्या पातळीचे) विषय असतील तर त्याहून थोडा वर. राज्यातल्या मुलांना यूसीसाठी किमान ३.० लागतो, तो आहेच. यूसीच्या कॅम्पसपैकी बर्कली आणि यूसीएलए कठीण आहेत, पण रिव्हरसाइड, मर्सेडला जरूर करा. अल्जिब्रा २ मध्ये सी किंवा वर असेल तर अल्जिब्रा १ चा डीसुद्धा भरून निघतो. मात्र नववीचे ग्रेड अर्जात भरावे लागतात, ते वाचणाऱ्याला दिसतात. म्हणून कारण सांगावंच, असं मला वाटतं.

निबंध_वाचणारी :
लिहावं, पण निदानाचं नाव घ्यायचं की नाही हे तिचं तिनं ठरवू दे. कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांसाठीचा सामायिक अर्ज, यूसीचा वेगळा असतो) ६५० शब्दांचा मुख्य निबंध यात खर्च करू नका, तो ती कोण आहे यासाठी ठेवा. हे अतिरिक्त माहितीच्या रकान्यात, चार-पाच वाक्यांत : काय होत होतं, कधी कळलं, काय बदललं. "परिस्थिती कठीण होती" यातून काहीच कळत नाही. वर्कशीट्सची गोष्ट एका ओळीत सगळं सांगते. शाळेच्या काउन्सेलरशीही बोला, त्यांच्या पत्रातून तीच गोष्ट आली तर वजन पडतं. आणि बारावी सैल सोडू नका. बरीच खासगी कॉलेजं पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड मागवतात, चढता आलेख तिथंच पक्का होतो.

कम्युनिटी_कॉलेजवाला_बाबा :
आमचा मुलगा कम्युनिटी कॉलेजमधून (आधी दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज, मग विद्यापीठ) गेला. तिथं जीपीए नव्यानं सुरू होतो, शाळेचे ग्रेड मागं राहतात. टॅग करार (अटी पूर्ण केल्या की यूसीत प्रवेशाची हमी) सहा यूसींपैकी एकीशी करता येतो, त्यात डेव्हिस आणि अर्व्हाइनही आहेत. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो मात्र नाहीत. हा मार्ग कमीपणाचा मानू नका, एवढीच कळकळीची विनंती.

लेकीची_आई :
सगळ्यांचे मनापासून आभार. अल्जिब्रा २ मध्ये बी आहे, आत्ताच पाहिलं! काल तिच्याजवळ बसून त्या दप्तराच्या दिवसाबद्दल माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग लॅपटॉप उघडून लिहिलं, "नववीत मी गृहपाठ करत होते, फक्त देत नव्हते." पुढचं उद्या लिहिते म्हणाली. गुरुवारी काउन्सेलरची वेळ घेतली आहे.