आपत्ती व्यवस्थापन आणि वाहनचालन असा एकत्रित अभ्यासक्रम : प्रवेश घ्यावा का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार. आमच्या जिल्ह्यातील एका खासगी महाविद्यालयाने ‘आपत्ती व्यवस्थापन व वाहनचालन’ हा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला असून, आपत्तीविषयक विषयांसोबत अवजड वाहन चालवण्याचे प्रशिक्षणही मिळेल, असे त्यांच्या माहितीपत्रकात छापले आहे. मला अग्निशमन दलात चालक म्हणून जायचे आहे. शुल्काचा पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत भरावयाचा आहे. प्रवेश घ्यावा की नाही, एवढेच सांगावे. ‘आधी नीट विचार करा’ हा सल्ला घरी रोज मिळतो, तो इथे नको.

दख्खनी
शिक्षण किती झाले आहे, ते लिहिलेले नाही. पदवी झाली असेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची आपत्ती व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदविका घरबसल्या करता येते. मी स्वतः ती केली आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 आणि त्यातून उभी राहिलेली राष्ट्रीय, राज्य व जिल्हा प्राधिकरणांची रचना तिच्यामुळे मला नीट समजली.

निवृत्त_बंबवाला
दख्खनी, त्यांना चालक व्हायचे आहे आणि आपण त्यांना कायद्याची रचना शिकवीत आहात. पदविका बंब चालवीत नाही. महापालिकांच्या जाहिरातींत ‘चालक-यंत्रचालक’ असे पद असते आणि त्या जोडशब्दातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. घटनास्थळी गाडी उभी केली की पीटीओ (इंजिनाची शक्ती पंपाकडे वळवणारी जोडणी) टाकून पंप सुरू करणे, दाबमापकावर नजर ठेवणे आणि पुढे नळी धरून उभ्या असलेल्या जवानाला हवा तेवढाच दाब देणे, हे सगळे चालकच करतो. शिवाय अर्धवट भरलेला बंब वळणावर आतले पाणी हिंदकळल्यामुळे बाहेरच्या बाजूला ओढतो, हे रिकाम्या ट्रकवर शिकून कळत नाही. या महाविद्यालयाकडे स्वतःचा बंब आहे का, हे आधी विचारावे.

कृष्णाकाठ
मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे पदव्युत्तर काही नको. परवाना आहे. बंबाविषयी माहितीपत्रकात काही नाही, फक्त अवजड वाहन असे आहे. हो किंवा नाही सांगा.

नमुना_अकरा
मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, म्हणून व्यवसायाचेच बोलतो. परिवहन वाहनाच्या, म्हणजे ट्रक-बससारख्या वाहनाच्या, परवान्यासाठी नमुना 5 मधील प्रशिक्षण प्रमाणपत्र लागते आणि ते देण्याचा अधिकार परवानाधारक प्रशिक्षण संस्थेलाच असतो. महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रावर कितीही मोठी मुद्रा असली, तरी आरटीओच्या खिडकीवर त्याचा उपयोग नाही. अशा संस्थेचा परवाना नमुना 11 मध्ये असतो. तो महाविद्यालयाच्या नावाने आहे का ते पाहावे आणि प्रशिक्षणाच्या गाडीला प्रशिक्षकाच्या बाजूने दुसरा ब्रेक आहे का, तेही पाहावे. आपले वय किती? परिवहन वाहन चालवण्यासाठी वीस वर्षे पूर्ण असावी लागतात.

कृष्णाकाठ
एकोणीस पूर्ण.

सातासमुद्रापार
अमेरिकेत ही अडचण येत नाही. इथे नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने 1983 मध्येच आपत्ती व्यवस्थापनाची पदवी सुरू केली आणि संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे ‘आयएस-100’सारखे प्राथमिक पाठ ऑनलाइन व विनाशुल्क आहेत. वाहनचालनाचे शिक्षण मात्र येथे मुख्यतः किशोरवयीन मुलांसाठी असते.

निवृत्त_बंबवाला
धागाकर्ते टेक्सासला निघालेले नाहीत.

पलूसकर
थोडे विषयांतर वाटेल, परंतु आपण कृष्णाकाठचे आहात म्हणून लिहितो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसल्यामुळे बचावाची बोट उलटली आणि माणसे गेली. आपल्याकडे पुरात ट्रक नव्हे, बोट लागते. म्हणून ‘आपदा मित्र’ योजनेतील 12 दिवसांचे प्रशिक्षण जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. त्याला शुल्क नाही.

दख्खनी
त्या प्रशिक्षणाने स्वयंसेवक होता येते, नोकरी मिळत नाही. रुग्णवाहिकेचा विचार करा; तिच्यासाठी परवान्यावर वेगळ्या परिवहन शेऱ्याची गरज उरलेली नाही.

नमुना_अकरा
अर्धे बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, 7,500 किलोपर्यंत एकूण भाराची परिवहन वाहने हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येतात आणि बहुतेक रुग्णवाहिका या मर्यादेत बसतात. पाण्याने भरलेला मोठा बंब मात्र बसत नाही. तेव्हा रुग्णवाहिकेचे उदाहरण देऊन धागाकर्त्यांची दिशाभूल करू नये.

दख्खनी
दिशाभूल हा शब्द अनावश्यक आहे. नोकरीचा मार्ग अधिक रुंद असावा, एवढाच माझा हेतू होता.

कृष्णाकाठ
आज महाविद्यालयात जाऊन आलो. नमुना 11 विचारल्यावर कार्यालयातील लिपिकाने ‘गाडी आणि प्रशिक्षक बाहेरच्या एजन्सीचे असतात’ असे सांगितले. एजन्सीचे नाव प्रवेश निश्चित झाल्यावर कळेल म्हणे. दुसऱ्या ब्रेकविषयी विचारले, तर त्यांनी माझ्याकडेच संशयाने पाहिले. मग काय करू?

निवृत्त_बंबवाला
हप्ता भरू नका. ज्या एजन्सीचे नाव पैसे दिल्यावर कळते, तिचे प्रमाणपत्रही त्याच पद्धतीने मिळेल. पदवी पूर्ण करा. महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या सांताक्रूझ येथील केंद्रात अग्निशामकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो, त्याच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवा. शारीरिक निकषांत पुरुष उमेदवारांना 165 सेंटिमीटर उंची मागतात, तेवढी आहे ना? चालकपदासाठी अवजड परवान्याबरोबर अनुभवही बहुधा मागितला जातो, म्हणून परवाना लवकर काढलेला बरा.

कृष्णाकाठ
उंची 171 आहे. म्हणजे वीस पूर्ण झाले की थेट अवजडसाठी अर्ज करू शकतो ना? परवाना आहे, हे मी आधीच लिहिले होते.

नमुना_अकरा
कशाचा परवाना आहे, हे मात्र लिहिले नव्हते.

कृष्णाकाठ
गिअरच्या दुचाकीचा. त्याने काय फरक पडतो?

नमुना_अकरा
सगळा फरक त्यानेच पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 7 प्रमाणे, परिवहन वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो आणि दुचाकीचा त्यात धरला जात नाही. आपले ते वर्ष अजून सुरूच झालेले नाही. शुक्रवारच्या हप्त्याचे पैसे बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात चारचाकीच्या शिकाऊ परवान्याचा अर्ज भरा.