दात येणाऱ्या बाळांसाठी होमिओपॅथीच्या गोळ्या विकाव्यात का?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): आमच्या सात महिन्यांच्या मुलीला दात येत असून सासूबाईंनी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या होमिओपॅथीच्या गोळ्या आणल्या आहेत. तान्ह्या बाळांसाठी अशी सर्रास विक्री योग्य आहे का?

उत्तर (ऐरोली): माझ्या मते मुळीच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशा गोळ्या व जेल वापरू नयेत असा इशारा दिला, आणि जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत काही गोळ्यांमध्ये बेलाडोना या विषारी वनस्पतीचे प्रमाण एकसारखे नसून काही वेळा वेष्टनावरील नोंदीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे आढळले. होमिओपॅथीत मूळ पदार्थ अतिशय विरल केलेला असतो म्हणून ती निर्धोक, हा नेहमीचा युक्तिवाद तिथेच कोसळतो.

उत्तर (नौपाडा): प्रत्येक गोळीत बेलाडोना नसते; अनेकांत कॅल्केरिया फॉस (कॅल्शियम फॉस्फेटपासून केलेले होमिओपॅथिक औषध) असते, हेही नमूद करायला हवे. तरीही त्यांनी दात सुलभ येतात याचा भक्कम पुरावा नाही, त्यामुळे विक्रीचे समर्थन मलाही करवत नाही.

उत्तर (नेरूळ): ताई, स्वच्छ बोटाने हिरड्या हलकेच चोळा किंवा थंड केलेले, पण न गोठवलेले, रबरी खेळणे चावायला द्या. बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे हिरड्यांवर लावायचे जेलही टाळा. जास्त ताप किंवा जुलाब दातांमुळेच असतील असे गृहीत न धरता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.