आठवणे, ओळखणे आणि ओळख पटणे

प्रश्न (ऐरोली)

मी बारावीला मानसशास्त्र मराठीतून शिकवते. 'रिकॉल' आणि 'रेकग्निशन' या दोन संज्ञांसाठी मी 'प्रत्यावाहन' आणि 'प्रत्यभिज्ञा' हे शब्द वापरते. मुले दोन्ही व्याख्या तोंडपाठ म्हणतात, परंतु उदाहरण विचारले की त्यांची अदलाबदल करतात. त्यांऐवजी 'आठवणे' आणि 'ओळखणे' हे रोजचे शब्द वापरले, तर अर्थाला कुठे बाधा येते का?

उत्तर (नौपाडा, ठाणे)

बाधा येते, परंतु दोन्ही शब्दांत सारखी नाही. आधी फरक स्पष्ट व्हावा म्हणून आपल्याच ठाणे-वाशी गाडीचे उदाहरण घेतो. डोळे मिटून स्थानके सांगू लागलो की माझ्या तोंडी ठाण्यानंतर थेट ऐरोली येते, कारण २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेले दिघा गाव माझ्या जुन्या क्रमात बसलेलेच नाही. पुढे रबाळे आधी की घणसोली, असेही क्षणभर अडखळायला होते. तीच नावे फलाटावरच्या पाटीवर दिसली की मात्र काहीही आठवावे लागत नाही. पहिल्या प्रसंगी समोर काही नसताना नाव मनातून काढावे लागते. दुसऱ्या प्रसंगी नाव समोर असते आणि ते पूर्वीचेच आहे, एवढेच मनाला ठरवायचे असते.

'प्रत्यावाहन' या शब्दाची मुलांना भीती वाटण्याचे कारण नाही. गणपतीच्या पूजेतले आवाहन त्यांना ठाऊक असते. जे समोर नाही त्याला बोलावणे म्हणजे आवाहन, आणि पूर्वी येऊन गेलेल्याला पुन्हा बोलावणे म्हणजे प्रत्यावाहन, असे सांगितले की शब्द आपोआप उलगडतो. त्यासाठी नुसते 'आठवणे' मला अपुरे वाटते, कारण 'मला आठवते' या रचनेत आठवण आपल्या पावलांनी येते आणि 'आईची आठवण येते' म्हणताना तर ओढच अधिक व्यक्त होते. परीक्षेत किंवा प्रयोगात माणूस प्रयत्नपूर्वक आठवत असतो, म्हणून 'आठवून सांगणे' म्हणावे.

'ओळखणे' अधिक अडचणीचे आहे. 'माझ्या मुठीत काय आहे ते ओळखा पाहू' या वाक्यात स्मृतीचा संबंधच नाही, तिथे केवळ तर्क आहे. 'त्याने माझ्या मनातले ओळखले' हेही अनुमानच. याउलट 'ओळख पटणे' हा प्रयोग इतका नेमका आहे की मानसशास्त्राच्या पुस्तकांनी तो आनंदाने स्वीकारावा, असे मला मनापासून वाटते. हरवलेल्या बॅगेची ओळख पटते तेव्हा समोरची बॅग आणि मनातली बॅग यांचा मेळ बसतो. 'पटणे' या क्रियापदात दोन बाजू जुळण्याचा अर्थ अंगभूत आहे आणि या संकल्पनेचा गाभाही तोच आहे.

पुरवणी (वाशी)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, हा भेद फार पूर्वी केलेला आहे, एवढे जोडतो. केवळ संस्कारातून, म्हणजे पूर्वीच्या अनुभवाच्या मनावर उरलेल्या ठशातून, उपजणारे ज्ञान ती स्मृती. आणि संस्काराला इंद्रियांच्या चालू अनुभवाची जोड मिळून 'सोऽयं देवदत्तः', म्हणजे 'हाच तो देवदत्त', असे जे ज्ञान होते ती प्रत्यभिज्ञा. 'हाच' समोरचा आणि 'तो' पूर्वीचा, ही फोड मुलांना फळ्यावर करून दाखवावी. मग पारिभाषिक शब्द बदलण्याचीही गरज उरणार नाही.

दोन्हींच्या सीमेवरची एक अवस्था आपण 'नाव अगदी ओठांवर आहे' अशी सांगतो. ब्राउन आणि मॅक्नील या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा वेळी शब्द सापडत नसला, तरी त्याचे पहिले अक्षर किंवा त्यातील अवयवांची (सिलेबलांची) संख्या लोकांना पुष्कळदा बरोबर सांगता येते, असे त्यांना आढळले. आठवून सांगणे फसलेले असते, पण दुसऱ्याने तो शब्द उच्चारताच त्याची ओळख तत्काळ पटते.

स्मरण मोजण्याची तिसरी रीतही सोबत शिकवावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ केल्या, काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजले. हे काम १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. जे आठवून सांगता येत नाही त्याचाही ठसा उरलेला असतो, हे त्या बचतीवरून कळते. या रीतीला 'उजळणी' म्हणावे, असे मी सुचवतो.

प्रतिसाद (ऐरोली)

आपणां दोघांची मी आभारी आहे. 'आठवून सांगणे' आणि 'ओळख पटणे' हे दोन्ही प्रयोग मी पारिभाषिक शब्दांच्या शेजारी लिहीन. 'उजळणी'बद्दल मात्र माझी हरकत आहे. मुले उजळणी करतात ती विसरू नये म्हणून, आणि बहुधा आठवत असलेल्याच भागाची. शिवाय पाढ्यांच्या पुस्तकालाही उजळणीच म्हणतात. एबिंगहाउस यांच्या रीतीत मधला काळ जाऊन विसर पडू देणे आवश्यक आहे, नाहीतर बचत मोजायची कशाची? म्हणून तिथे 'पुन्हा पाठ करणे' असे साधे म्हणावे आणि 'उजळणी' हा शब्द विसरण्यापूर्वीच्या सरावासाठी राखून ठेवावा.