‘आंदोलन’ म्हणजे मुळात झोका

प्रश्न : लंबकाच्या हालचालीला ‘आंदोलन’ म्हटलेलं वाचलं. मोर्चे-उपोषणांचा हा शब्द विज्ञानात कसा शिरला?

उत्तर : तो मोर्च्यात कसा शिरला, असं विचारायला हवं. संस्कृतात ‘आन्दोलन’ म्हणजे झुलणं, झुलवणं. ‘दोला’ म्हणजे झोपाळा. मन ‘दोलायमान’ होतं ते याच झोपाळ्यावर. प्राकृतात दोलाचा ‘डोला’ झाला. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या प्राकृत व्याकरणात ‘द’चा ‘ड’ होणाऱ्या शब्दांची यादीच आहे, तीत दोला सापडतो. डोलणं, डुलणं, डोली ही सगळी त्याच घरची. (दंशावरून डसणं आलं तेही याच वाटेनं.)

लंबकाला हा शब्द चपखल बसतो. साधारण १ मीटर लांबीचा लंबक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला १ सेकंद घेतो, परतायला आणखी १. झालं एक आंदोलन. गोळा कितीही झुलला तरी मधल्या बिंदूला धरूनच असतो. तरंगाचं तसं नाही, तो पुढे सरकतो. लाट खालून निघून जाते आणि नांगरलेली होडी तिथेच हेलकावे खात राहते : होडीचं ते आंदोलन, पुढे गेला तो तरंग.

मला सर्वांत मोह पडतो तो गाण्यातल्या वापराचा. दरबारी कानड्यातला कोमल गंधार आंदोलित असतो. स्वर सावकाश, जड झुलतो, जागा मात्र सोडत नाही. लंबकाचं वर्णन आणि हे वर्णन एकच आहे! कान देऊन ऐकलं की शब्दाचा मूळ अर्थ कोशाशिवाय कळतो.

राजकीय अर्थ ‘हलवून सोडणं’ यातून समजतो. त्यासाठी आपल्याकडे ‘चळवळ’ आहेच, तीही हालचालीचाच शब्द. माझ्या कानाला चळवळ वर्षानुवर्षांची वाटते, आंदोलन प्रसंगाचं.

प्रतिसाद : हे नाही पटलं. नर्मदा बचाव आंदोलन १९८०च्या दशकापासून चालू आहे. ते काय प्रसंगाचं?

उत्तर : बरोबर, माझी विभागणी तिथे टिकत नाही, मागे घेतो. संयुक्त महाराष्ट्रासाठीसुद्धा लोक चळवळ आणि आंदोलन दोन्ही म्हणतात. आणि ‘ठिय्या आंदोलन’ पाहा : एका जागी न हलता बसणं, त्यालाही आपण झोक्याचंच नाव दिलंय. हलायचं असतं ते समोरच्यानं.